मिठाचा हौद व तांबडा दिवा

इयत्ता नववीच्या वर्गास आम्ही दर वर्षी एक प्रयोग करून दाखवितों. कांचेच्या पेल्यांत मिठाचें पाणी घ्यावयाचें, जुन्या कोरड्या घटांतून काढलेल्या कोळशाच्या दोन कांड्या त्यांत उभ्या करावयाच्या, व बॅटरीचीं दोन टोकें त्यांस जोडावयाचीं. क्षणार्धांत कांड्यांवर बुडबुडे दिसूं लागतात, आणि थोड्याच वेळांत पहिल्या बाकावरचीं मुलें नाकास रुमाल लावतात. तो वास क्लोरिनचा. खिडक्या उघडल्या जातात, तास संपतो, आणि बहुतेक मुलें तो प्रयोग परीक्षेपुरता लक्षांत ठेवतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मात्र तो बावीस वर्षें लक्षांत ठेविला, आणि इ. स. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहराहून आम्हांस दूरध्वनि केला. "सर, तुमचा तो मिठाच्या पाण्याचा प्रयोग माझ्या परसांत रोज चालतो, पण महिना झाला, त्याला वासच येत नाहीं!"

पर्थ शहरांत पुष्कळ घरांच्या परसांत पोहण्याचा हौद असतो. या विद्यार्थ्यानें घर विकत घेतलें तेव्हां त्याबरोबर चाळीस हजार लिटरांचा असा एक हौद आला, आणि हौदाबरोबर मिठापासून क्लोरिन करणारें यंत्रहि आलें. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं असें यंत्र पाहिलें असेल. आम्हींहि तें छायाचित्रांतच पाहिलें आहे. तरी त्याची रचना कळण्यास कठीण नाहीं, कारण नववीच्या पेल्यांत जें आहे तेंच त्यांत आहे.

हौदाच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें चार ग्रॅम मीठ विरघळविलेलें असतें. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें पस्तीस ग्रॅम असतें, आणि आपल्या अश्रूंत सुमारें नऊ. म्हणजे हें पाणी अश्रूंहूनहि अळणी. पंप हें पाणी ओढून गाळणींतून नेतो, व हौदांत परत जाण्यापूर्वीं एका नळकांड्यांतून सोडतो. या नळकांड्यास घट म्हणतात. घटांत टायटॅनियम धातूचे पातळ पत्रे एकमेकांस न लागतील असे उभे बसविलेले असतात, व भिंतीवरच्या खोक्यांतून त्यांस वीज मिळते. धनाग्रावर मिठांतील क्लोराइडाचा क्लोरिन होतो. ऋणाग्रावर पाण्यांतून हायड्रोजन सुटतो व मागें अल्कली राहते. क्लोरिन लागलींच पाण्याशीं मिळून हायपोक्लोरस आम्ल होतें, आणि जंतूंना व शेवाळाला मारण्याचें काम हेंच आम्ल करितें.

वाचकांनीं एक गोष्ट येथें नीट ध्यानांत घ्यावी, कारण पुढचा सर्व घोटाळा तिच्यावरच उभा आहे. जंतु मारून झाले किंवा सूर्यप्रकाशानें क्लोरिन मोडला, कीं त्याचें पुन्हां क्लोराइडच होतें. म्हणजे यंत्र मीठ खात नाहीं. तेंच मीठ फिरून फिरून कामास येतें. पाणी उन्हानें आटलें तरी मीठ मागेंच राहतें. उरणची किंवा वसईची मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें सांगावयास नको. तेव्हां हौदांतील मीठ कमी झालें असें कोणी म्हटलें, तर तें गेलें कोठें हें पहिल्यानें विचारलें पाहिजे. तें केवळ पाण्याबरोबरच जाऊं शकतें: हौद गळत असेल, गाळणी उलट धुतांना पाणी सोडून दिलें असेल, पोहणारांनीं बाहेर उडविलें असेल, किंवा पावसानें हौद भरून वाहिला असेल.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें, आणि तरीहि आम्हीं चूक केली.

आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर एक तांबडा दिवा लागला होता, व त्याखालीं 'मीठ कमी' अशीं अक्षरें होतीं. हौदाचें पाणी हिरवट होऊं लागलें होतें. त्याची धाकटी मुलगी सहा वर्षांची. ती नुकतीच पोहावयास शिकत होती. हौदाचा तळ दिसेनासा झाला तेव्हां त्यानें कुंपणाचें दार कुलूप लावून बंद केलें, व तें अगदीं योग्य केलें. ज्या पाण्याचा तळ दिसत नाहीं त्यांत बुडालेलें मूलहि दिसत नाहीं; यंत्राचें कांहींहि होवो, हा नियम आधीं पाळावा.

त्यानें दिव्याची हकीकत सांगितली. आम्हीं विचार केला कीं पर्थला पाऊस हिवाळ्यांत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्यें पडतो; हौद भरून वाहिला असेल, मीठ वाहून गेलें असेल. अनुमान सुरेख जुळलें, आणि जुळलें म्हणून तें तपासण्याची आम्हांस आठवण राहिली नाहीं. "मीठ टाक," असें आम्हीं सांगितलें. तेथें वीस किलोचीं पोतीं मिळतात. दोन पोतीं पडलीं आणि दिवा विझला. गुरुशिष्य दोघेहि प्रसन्न झाले. पांचव्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. आणखी दोन पोतीं पडलीं. दिवा मिणमिणत राहिला, आणि पाणी होतें तसेंच हिरवें. तेव्हां कोठें आम्हीं त्यास पाण्याचा नमुना बाटलींत भरून दुकानांत तपासण्यास नेण्यास सांगितलें. उत्तर आलें: लिटरमागें सहा ग्रॅम. हिशेब सोपा आहे. चाळीस हजार लिटरांत ऐंशी किलो मीठ म्हणजे लिटरमागें दोन ग्रॅम. सहांतून दोन गेले, चार राहिले. अर्थात् पहिल्या दिवशीं हौदांत जितकें पाहिजे तितकेंच मीठ होतें, आणि तरीहि दिवा मीठ कमी आहे असें सांगत होता.

दिव्यानें हें असें कां सांगावें?

हा प्रश्न आम्हीं नववीच्या वर्गापुढें ठेविला, आणि उत्तर तोंडानें न सांगतां पेला, कांड्या व प्रवाह मोजणारा ॲमीटर मांडून दिला. लिटरमागें चार ग्रॅम या प्रमाणानें मुलांनीं पाणी तयार केलें. कोमट पाण्यांत ॲमीटरचा कांटा जेथवर गेला तेथें कागदावर खूण केली. मग तेंच पाणी बर्फांत ठेवून गार केलें. कांटा खालीं आला. पुन्हां कोमट करून एका कांडीचा अर्धा भाग मेणबत्तीच्या मेणानें माखला. कांटा पुन्हां खालीं. मेण खरवडून जोडणीच्या तारेवर थोडा गंज चढलेला चिमटा लावला. कांटा थरथरत खालींच राहिला. मीठ एक कणभरहि बदललें नव्हतें. शेवटीं मेण माखलेली कांडी तशीच ठेवून एका मुलीनें पेल्यांत चिमूटभर मीठ जास्त टाकलें, आणि कांटा वर चढून जवळ जवळ पहिल्या खुणेशीं आला. वर्गांत हंशा पिकला. पर्थच्या हौदांत चार पोत्यांनीं काय केलें तें सर्वांच्या ध्यानांत आलें होतें.

अशा बहुतेक यंत्रांना मीठ चाखतां येत नाहीं. पत्र्यांमधून प्रवाह किती वाहतो तेवढेंच त्यांस कळतें, व त्यावरून तीं मिठाचें अनुमान करितात. प्रवाह कमी तर मीठ कमी, असा त्यांचा सरळ न्याय. परंतु प्रवाह कमी होण्यास पाणी थंड असणें पुरे, पत्र्यांवर थर बसणें पुरे, जोडणीवर गंज चढणें पुरे, आणि पत्रे जुने होणेंहि पुरे. यंत्रें बनविणारांनीं त्या दिव्याखालीं 'प्रवाह कमी' असें लिहिलें असतें तर किती पोतीं मीठ वांचलें असतें!

म्हणून मिठाच्या हौदाचें यंत्र बिघडलें असें वाटलें कीं पहिल्यानें यंत्राकडे न जातां पाण्याकडे जावें, व यंत्राहून निराळ्या साधनानें पाण्याचें माप घ्यावें: मीठ, उष्णमान, पीएच, व क्लोरिन. हीं चार मापें हातीं नसतां खोक्याचा एकहि खिळा सैल करूं नये.

क्लोरिनच्या मापाची तर एक स्वतंत्रच गंमत झाली. पाणी लवकर स्वच्छ व्हावें म्हणून आमच्या विद्यार्थ्यानें बाजारांतील द्रवरूप क्लोरिन हौदांत ओतला. क्लोरिन तपासण्याची एक गोळी असते. ती नमुन्यांत टाकली म्हणजे पाणी गुलाबी होतें, व रंग जितका गडद तितका क्लोरिन अधिक. नमुना निर्मळ राहिला. त्यानें आणखी ओतला. पुन्हां निर्मळ! तिसऱ्या वेळीं त्याची दहा वर्षांची थोरली मुलगी शेजारीं उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आत्तां एकदम गुलाबी झालं आणि लगेच गेलं." त्या मुलीच्या डोळ्यांस आम्ही पैकीच्या पैकी गुण देतों. क्लोरिन फार झाला म्हणजे तो त्या रंगालाच विरंजित करून टाकतो, जसा तो कापडाचा रंग घालवितो तसा. आणि पाहणारास वाटतें कीं क्लोरिन मुळींच नाहीं. आम्हीं सांगितलें कीं एक भाग हौदाचें पाणी व नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी घेऊन पुन्हां पाहावें. तसें करतांच नमुना गुलाबी झाला, व राहिला. मुलींना पाण्यापासून आणखी कांहीं दिवस दूर राहावें लागलें.

पीएच हें माप ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावें. विद्युत्-प्रवाहानें क्लोरिन करणाऱ्या हौदांत तें हळूहळू वर चढत जातें, व तें वेळोवेळीं आम्ल घालून उतरवावें लागतें. सारा हिवाळा हें काम राहून गेलें होतें आणि माप ८.२ वर पोंचलें होतें. याचे दोन परिणाम होतात. एक, ७.५ ला निम्मा क्लोरिन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपांत, म्हणजे खऱ्या कामाच्या रूपांत असतो. तोच ८ ला चौथाईच्या आसपास येतो. दुसरा परिणाम आमच्या प्रस्तुत विषयाशीं अधिक निगडित आहे. पाणी जड असून पीएच चढलेलें असलें म्हणजे घटाच्या पत्र्यांवर चुन्याचा पांढरा थर बसतो, आणि ऋणाग्राजवळ अल्कली निघत असल्यामुळें तो तेथेंच विशेष बसतो. आपल्याकडे विहिरीचें पाणी तापवून तापवून बंबाच्या आंत जो पांढरा खार चढतो, त्याचाच हा भाऊ. हेंच पर्थच्या घटावरील मेण होतें.

हा थर आपोआप गळून पडावा म्हणून पुष्कळ यंत्रें कांहीं तासांनीं प्रवाहाची दिशा उलटवितात. परंतु पाणी बिघडलेलें असेल तर तेवढ्यानें भागत नाहीं. मग घट काढून धुवावा लागतो, व येथें पालकांनीं विशेष सावध असावें. प्रथम वीज मुख्य कळीपाशीं बंद करावी, पंप थांबवावा. घट काढून उजेडासमोर धरला कीं थर स्पष्ट दिसतो. नळाच्या धारेनें निघेल तेवढा काढावा. राहिलेल्यासाठीं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल लागतें. त्याचें प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. आम्ल पाण्यांत ओतावें. पाणी आम्लांत कधींहि ओतूं नये. प्लास्टिकची बादली, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे, उघडी हवा, आणि मुलें दूर. आम्ल व क्लोरिनचीं द्रव्यें एकमेकांजवळहि ठेवूं नयेत, कारण तीं मिसळलीं तर क्लोरिन वायु मोकळा होतो, इ. स. १९१५ च्या एप्रिलमध्यें ईप्र येथें जो वायु सैनिकांवर सोडण्यांत आला तोच हा. आम्ल लागतांच चुन्याचा थर फसफसतो. फसफसणें थांबलें कीं काम संपलें, घट बाहेर काढून स्वच्छ धुवावा. चाकूनें किंवा तारेच्या ब्रशानें पत्रे खरवडणें हा मात्र अविचार होय.

तो कां, हें सांगण्यासाठीं पुन्हां आमच्या पेल्याकडे आलें पाहिजे. आमच्या कोळशाच्या कांड्या पांचसात प्रयोगांनंतर झिजून पाण्यांत काळी पूड पडूं लागते. नुसतें टायटॅनियमहि धनाग्र म्हणून चालत नाहीं. त्यावर ऑक्साइडाचा पापुद्रा चढून प्रवाह अडतो. हेन्री बिअर या संशोधकानें टायटॅनियमवर रुथेनियमच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ति काढली व इ. स. १९६५ मध्यें तिचें पेटंट घेतलें. घटाचें सारें मोल त्या लेपांत आहे, आणि लेप अत्यंत पातळ असतो. तो दर दिवसाच्या वापरानें थोडा झिजतो, विनाकारण आम्लांत ठेवल्यानें अधिक झिजतो, आणि खरवडल्यानें एका दुपारीं जातो. म्हणून थर दिसत असेल तरच आम्ल वापरावें.

प्रवाहाच्या कळीविषयीं दोन शब्द. घटांतून पाणी वाहत नसेल तर यंत्र बंद पडावें अशी एक कळ त्यांत असते. गाळणी तुंबली, पंपाच्या टोपलींत पानें सांचलीं किंवा पंपानें हवा ओढली, कीं ही कळ यंत्र थांबविते, आणि घाईचा मनुष्य म्हणतो कीं कळच खराब आहे, ती वगळून तारा जोडा. असें कदापि करूं नये. थांबलेल्या पाण्यांत वीज चालूं राहिली तर हायड्रोजन घटांत सांचतो, व हायड्रोजन आणि हवा यांचें मिश्रण काय करितें तें आमच्या नववीच्या मुलांनीं परीक्षानळीच्या तोंडाशीं जळती काडी धरून ऐकलें आहे.

कित्येकदां यंत्र निरोगी असतें आणि त्यावर अपेक्षांचें ओझें मात्र फार असतें. फॅरडेच्या नियमानें एक ॲम्पियर प्रवाह एक तासभर वाहिला तर सुमारें १.३ ग्रॅम क्लोरिन होतो. घटांत पुष्कळ पत्रे ओळीनें असल्यामुळें तोच प्रवाह तेंच काम अनेक वेळां करितो. समजा यंत्राची शक्ति ताशीं वीस ग्रॅम आहे. चाळीस हजार लिटरांच्या हौदास उन्हाळ्यांत दिवसाला लिटरमागें तीन मिलिग्रॅम क्लोरिन लागला, तर एकंदर एकशें वीस ग्रॅम झाला. म्हणजे यंत्र सहा तास चाललें पाहिजे. हिवाळ्यांतले तीन तास तसेच ठेवून यंत्रास दोष देणें योग्य नव्हे. शिवाय उन्हानें क्लोरिन फार वेगानें मोडतो. त्यास आडोसा म्हणून पाण्यांत सायन्यूरिक आम्ल घालतात, तें पावसानें विरळ झालें आहे काय तेंहि पाहावें. आणि पाणी एकदां हिरवें झालें कीं या यंत्राचा उपाय नाहीं. तें रोजची भाकरी मिळवूं शकतें, सांचलेलें कर्ज फेडूं शकत नाहीं. तेथें द्रव क्लोरिनच पाहिजे. शेवाळ मेलें कीं नाहीं याची परीक्षा अशी: सूर्यास्तानंतर यंत्र बंद करून क्लोरिन मोजावा, व सूर्योदयापूर्वीं पुन्हां मोजावा. रात्रीं ऊन नसतें; तरीहि लिटरमागें एक मिलिग्रॅमहून अधिक घट आली तर खाणारा कोणी तरी पाण्यांत जिवंत आहे.

थर निघाला, जोडण्या पुसल्या, मीठ बरोबर, पाणी उबदार, आणि तरीहि घटांत पांढऱ्या बारीक बुडबुड्यांचे लोट दिसत नाहींत व कांटा वर येत नाहीं, असें झालें तरच पत्र्यांचा लेप संपला असें समजावें. असा घट बदलावाच लागतो, व तो स्वस्त नसतो. म्हणूनच त्याच्यावर आरोप सर्वांत शेवटीं करावा.

पर्थचा घट अद्याप चांगला होता. धुऊन बसविल्यावर तांबडा दिवा विझला, आणि त्याच्या शेजारचा दुसरा दिवा लागला: 'मीठ जास्त'. या वेळीं दिवा खरें बोलत होता. यंत्राच्या पुस्तिकेंत पांच ग्रॅमांची मर्यादा होती आणि पाण्यांत सहा होते. पाण्यांतून मीठ काढून घेण्याचा सोपा उपाय नाहीं; पाणीच काढून नवें भरावें लागतें. चौथा हिस्सा, म्हणजे दहा हजार लिटर पाणी सोडून द्यावें लागलें. तें खारें असल्यामुळें झाडांनाहि घालतां आलें नाहीं. इ. स. २००६ पासून पर्थ शहर समुद्राच्या पाण्यांतील मीठ काढून तें पाणी पिण्यासाठीं नळास सोडीत आहे. त्या पाण्यांत आम्हीं दोन हजार कोसांवरून मीठ टाकावयास लावलें, आणि मग तें गटारांत सोडावयास लावलें. दहा हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरांचे साडेसहाशेंहून अधिक हंडे होतात. मेमध्यें टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गांवांत हा आंकडा फळ्यावर लिहितांना आमचा हात थोडा अडखळला, आणि मुलांपैकीं कोणी कांहीं बोललें नाहीं.

नोव्हेंबरच्या अखेरीस हौदाचा तळ स्वच्छ दिसूं लागला व कुंपणाचें कुलूप निघालें. धाकटी मुलगी नाताळपर्यंत हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधाराशिवाय पोहूं लागली.

इ. स. २०२५ च्या जुलैमध्यें त्याचें पत्र आलें. तांबडा दिवा पुन्हां लागला होता. त्यानें मीठ मोजलें: सव्वाचार ग्रॅम. घट पाहिला: स्वच्छ. मग थोरल्या मुलीनें हौदांत उष्णतामापक सोडला, तो तेरा अंश दाखवीत होता. यंत्र बंद करून त्यांनीं पाण्यांत थोडासा द्रव क्लोरिन टाकला, आणि मिठाचें एक पोतें कोठींत होतें तें तसेंच राहूं दिलें.